गाळाची साक्ष

उन्हाळा सरत आला की मराठवाड्यातील तलावांच्या कोरड्या पात्रांत यंत्रांची घरघर सुरू होते. जेसीबीने उकरलेला काळाभोर गाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भरला जातो आणि मुरमाड, हलक्या रानांवर पसरला जातो. महाराष्ट्र शासनाने 2017 साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतली. पण शेतकरी हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःच्या खर्चाने करीत आला आहे. तलावाची साठवण वाढावी आणि धुपून गेलेली माती पुन्हा शेतात यावी, असा हा दुहेरी लाभाचा व्यवहार आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. अवर्षणाने पिचलेल्या प्रदेशात त्याहून शहाणपणाचे काम दुसरे कोणते असणार?

मात्र या शहाणपणात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. शेतात येणाऱ्या गाळात मातीखेरीज आणखी काय आहे? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. डोंगरउतारावरची माती ओढ्याने आणली, ओढ्याने तलावात टाकली, एवढाच त्या गाळाचा इतिहास होता. आता तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावांची गटारे ओढ्यांत उतरली आहेत, महामार्गांवरील वाहनांची धूळ आणि वंगण पहिल्या पावसाबरोबर नाल्यांत जाते, भंगार जाळण्याचे आणि धातू वितळवण्याचे छोटे-मोठे धंदे गावाच्या वेशीपर्यंत पोहोचले आहेत. शिसे, जस्त, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते बारीक मातीच्या कणांना चिकटतात आणि तळाशी बसतात. त्यामुळे वरचे पाणी तपासणीत निर्दोष ठरते आणि तळाच्या गाळात तेच धातू पाण्यातील प्रमाणाच्या शेकडो-हजारो पटींनी साठलेले असू शकतात. असा गाळ शेतात पडला, की तो प्रश्न नदीचा राहत नाही, ताटातल्या भाकरीचा होतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका आणि त्यातले सास्तूर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाढ झोपेत असलेली जी गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, त्यांत किल्लारीच्या जोडीने सास्तूरचे नाव महाराष्ट्राच्या कायमचे लक्षात राहिले. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्यावरची टनावारी माती यांनी माणसे गाडली गेली. त्या काळात मदतकार्यासाठी या भागात गेलेले अनेक कार्यकर्ते आमच्या वाचकांत आहेत. त्यांना या मातीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या कामांपैकी ज्ञान प्रबोधिनीचे हराळी येथील केंद्र याच तालुक्यात आहे. सास्तूरपासून जवळच माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. भूकंपाच्या वेळी ते उभे होते, आणि त्याच्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळाली काय, यावर शास्त्रज्ञांत बराच वादही झाला.

त्या वादाचा निकाल काहीही असो. एक गोष्ट त्यामुळे घडली. देशातील भूवैज्ञानिकांनी या भूमीचा जेवढा बारकाईने अभ्यास केला, तेवढा मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही भागाचा झाला नसेल. किल्लारीजवळ 617 मीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. त्यातून कळले, की येथे काळ्या बेसाल्ट खडकाची जाडी 338 मीटर आहे, त्याखाली सुमारे 8 मीटर गाळाचा प्राचीन थर आहे आणि त्याच्याही खाली ग्रॅनाइटी पायाचा खडक आहे. 338 मीटर हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाची मेख तेथे आहे.

गाळातील धातू तपासण्याची रूढ पद्धत रासायनिक आहे. नमुना वाळवायचा, आम्लात विरघळवायचा, महागड्या उपकरणांवर एकेका धातूचे प्रमाण काढायचे. पद्धत निर्दोष आहे. पण वेळ, पैसा आणि प्रशिक्षित मनुष्यबळ तिन्ही मागणारी आहे. तेरणेच्या संपूर्ण खोऱ्यातून, प्रत्येक ओढ्यातून, प्रत्येक तलावाच्या चार-सहा ठिकाणांहून नमुने घ्यायचे म्हटले, तर जिल्हा पातळीवरील कोणतीही यंत्रणा हात टेकील. या ठिकाणी एक निराळी, जगभर रुळलेली पण आपल्याकडे प्रशासनाच्या कानावरही न गेलेली पद्धत उपयोगी पडते. ती म्हणजे गाळाचे चुंबकत्व मोजणे.

नदीकाठी वाढलेल्या प्रत्येक मुलाने हा प्रयोग केलेला असतो. जुन्या ध्वनिवर्धकातील चुंबक दोरीला बांधून वाळूतून ओढला, की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. ते कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका तीव्र चुंबकीय खनिजाचे असतात. लोखंडाकडे ओढ घेणारा अयस्कान्त आपल्या पूर्वजांना परिचित होता. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख असून तिच्या हालचालीचे कारण 'अदृष्ट' म्हटले आहे, तर सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कान्त येतो. यावरून पूर्वजांना आधुनिक भूभौतिकी अवगत होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणी करू नये. त्यांना डोळसपणे पाहण्याची सवय होती एवढे खरे, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

आजची पद्धत अशी. दहा-बारा ग्रॅम वाळलेला गाळ प्लास्टिकच्या लहानशा डबीत भरून वेटोळ्यात ठेवतात. वेटोळ्यात अतिशय क्षीण असे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र निर्माण केलेले असते. त्या क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो, त्या मापाला चुंबकीय प्रवणता म्हणतात. मोजणीला मिनिटभर पुरते. नमुना नष्ट होत नाही, आम्ल लागत नाही, आणि तोच नमुना नंतर रासायनिक प्रयोगशाळेत पाठवता येतो. ब्रिटनमधील रॉय थॉम्पसन आणि फ्रँक ओल्डफील्ड यांनी 1986 साली 'एन्व्हायर्नमेंटल मॅग्नेटिझम' हा ग्रंथ लिहून या विद्याशाखेला नाव आणि बैठक दिली. त्यानंतर युरोपातील कारखानदारीच्या पट्ट्यांपासून दक्षिणेतील कावेरी-पालारपर्यंत अनेक नद्यांचा गाळ या दृष्टीने तपासला गेला आहे.

चुंबकत्वाचा आणि प्रदूषणाचा संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. दगडी कोळशात लोह आणि गंधक यांचे पायराइट नावाचे खनिज असते. भट्टीच्या प्रखर उष्णतेत त्याचे मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट बनते आणि ते सूक्ष्म, वाटोळ्या गोळ्यांच्या रूपाने राखेबरोबर बाहेर पडते. धातूंच्या भट्ट्या, वाहनांचे ब्रेक आणि धूर यांतूनही लोहाचे चुंबकीय कण येतात. ज्या धुरातून हे कण येतात, त्याच धुरातून शिसे आणि जस्तही येते. शिवाय लोहाच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर जड धातू सहज चिकटतात. म्हणून गाळाचे चुंबकत्व वाढले, तर धातूही वाढले असावेत, असा संशय घेता येतो. शिसे स्वतः चुंबकीय नाही. चुंबक दाखवतो तो त्याचा सोबती. न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर हा परिस्थितिजन्य पुरावा आहे, आणि परिस्थितिजन्य पुराव्याला द्यावे तेवढेच वजन त्याला द्यावे.

आता त्या 338 मीटरांकडे वळू. युरोपात चुनखडीच्या किंवा वालुकाश्माच्या प्रदेशात नदीचा गाळ मुळात जवळपास अचुंबकीय असतो. तेथे कारखान्याची राख पडली, की माप उसळी घेते आणि प्रदूषण चटकन ओळखू येते. आपल्याकडे सारा दख्खन बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट भरपूर असतो आणि त्याची प्रवणता चुनखडकाच्या कित्येक शेकडो पट असते. आपल्या खडकाचे हे चुंबकत्व किती अडचणीचे ठरते, याचा एक जुना दाखला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे होत असत. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवावे लागले आणि 1904 पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. अलिबागच्या वेधशाळेची इमारत बांधताना स्थानिक काळा दगड न वापरता मुद्दाम पोरबंदरचा अचुंबकीय वालुकाश्म आणला गेला. भिंतीचा दगडच उपकरणाला फसवील, ही भीती खरी होती.

तेरणेच्या बाबतीत हीच फसगत होऊ शकते. सास्तूर परिसरातील अगदी शुद्ध, माणसाचा हातही न लागलेल्या मातीची प्रवणता युरोपातील एखाद्या प्रदूषित नदीच्या गाळापेक्षा जास्त भरेल. परदेशी शोधनिबंधातला आकडा उचलून येथे लावला, तर निम्मा मराठवाडा विषारी ठरेल. याउलट गाळ मुळातच इतका चुंबकीय असल्यामुळे थोडीशी राख त्यात मिसळली तरी एकूण मापात फरक दिसणार नाही आणि खरे प्रदूषण निर्दोष सुटेल. परकीय पद्धत जशीच्या तशी उचलण्याची आपल्या विद्यापीठांना लागलेली सवय येथे उपयोगाची नाही. खडक आपला आहे, तेव्हा मोजपट्टीही येथेच तयार झाली पाहिजे.

ती तयार करता येते. पहिला मार्ग तुलनेचा: ज्या ओढ्यावर वस्ती, कारखाना, महामार्ग काहीच नाही, त्याचा गाळ घ्यावा, आणि त्याच खडकावरून वाहणाऱ्या पण गावाखालून जाणाऱ्या ओढ्याचा गाळ त्याच्याशेजारी ठेवावा. मात्र दोन्हीकडील कण सारख्याच जाडीचे असले पाहिजेत, कारण जाड काळ्या वाळूत मॅग्नेटाइट अधिक असतो. बारीक चाळणीतून गाळून घेतलेली तेवढीच माती मोजावी. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. नमुना 465 हर्ट्झ आणि 4650 हर्ट्झ अशा दोन कंप्रतांवर मोजतात. मातीची नैसर्गिक घडण होताना तिच्यात जे अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट आकाराचे चुंबकीय कण तयार होतात, त्यांचे माप दुसऱ्या कंप्रतेला घटते. राखेतील कण त्या मानाने मोठे असतात. त्यांच्या मापात दोन कंप्रतांमध्ये फारसा फरक पडत नाही. घट 10 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चुंबकत्व बहुतांशी मातीचे स्वतःचे आहे. 2 टक्क्यांहून कमी असेल, तर हे कण मातीत घडलेले नाहीत, ते खडकाचे किंवा भट्टीचे. त्या दोहोंतील निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. बेसाल्टचा कण कंगोरेदार असतो आणि भट्टीतून आलेला कण मोहरीसारखा वाटोळा.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. पुणे विद्यापीठाच्या (आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) भूशास्त्र विभागातील सतीश सांगोडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे महानगर परिसरातील मातीच्या चुंबकीय प्रवणतेचा अभ्यास करून मानवनिर्मित भार ओळखण्याचा प्रयत्न 2010 साली 'करंट सायन्स'मधून मांडला. पुण्याची जमीनही बेसाल्टचीच आहे. नवी पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला मुंबईच्या खाडीतील चिखलपट्ट्यांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात चुंबकीय मापे, रासायनिक पृथक्करण, सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण आणि किरणोत्सारी शिशावरून केलेले कालमापन यांची सांगड घालून मुंबईच्या औद्योगिक प्रदूषणाचा प्रारंभ चिखलाच्या थरांत शोधला होता. 2015 साली गोदावरीच्या गाळाचे आणि बंगालच्या उपसागरातील निक्षेपांचे नाते चुंबकीय गुणधर्मांवरून तपासले गेले. लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे 10 मीटर लांबीच्या गाळाच्या गाभ्यावरून गेल्या सुमारे 11 हजार वर्षांतील पावसाचा इतिहास वाचला गेला आहे. म्हणजे माणसे आहेत, उपकरणे आहेत, अनुभव आहे. विद्या महाराष्ट्रातच आहे, फक्त ती पनवेल-पुण्याहून तेरणेच्या काठी यायची आहे.

मुंबईच्या चिखलपट्ट्यांत जे झाले, ते माकणीच्या जलाशयात होण्याजोगे आहे. धरण ही गाळाची वहीच असते. दरवर्षीच्या पुराबरोबर एक पान वाढते. धरण बांधले तेव्हाचा थर सर्वांत खाली, गेल्या पावसाळ्याचा सर्वांत वर. या थरांतून एक उभा गाभा काढून बोटबोट अंतरावर चुंबकत्व मोजले, तर तेरणेच्या खोऱ्यात बदल केव्हा सुरू झाला, हे त्या वहीतूनच वाचता येईल. येथे बाहेरच्या मोजपट्टीचीही गरज नाही. नदीचा कालचा गाळ हीच आजच्या गाळाची मोजपट्टी. मात्र ही वही उपसून शेतात पसरण्यापूर्वी वाचली पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण नव्या तंत्राच्या उत्साहात त्या विसरल्या जातात. सांडपाणी, मळी, कीटकनाशके, रासायनिक खते यांना चुंबकत्व नसते. धाराशिव-लातूरच्या ऊसपट्ट्यात नद्यांना खरा त्रास सेंद्रिय घाणीचा आहे, आणि तेथे चुंबक उलटी साक्ष देऊ शकतो. घाण कुजून पाण्यातील प्राणवायू संपला, की तळाच्या चिखलातील मॅग्नेटाइट हळूहळू विरघळून जातो आणि चुंबकत्व घटते. माप कमी आले म्हणजे गाळ स्वच्छ, असे समजणारा अधिकारी सर्वांत घाणेरड्या डोहाला प्रशस्तिपत्रक देऊन मोकळा होईल! दुसरी गोष्ट आगीची. माती तापली की तिच्यातील लोहखनिजांचे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. उसाचे पाचट दरवर्षी जेथे जाळले जाते, त्या रानाची माती कारखान्याची राख न पडताही अधिक चुंबकीय होऊ शकते. आपल्या शेतकऱ्याने जमिनीची 'काळी' आणि 'पांढरी' अशी वाटणी फार पूर्वीच केली आहे. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरीत शतकानुशतकांच्या चुलींची राख आणि भाजलेली माती असल्यामुळे तिचेही चुंबकत्व वाढलेले असते. भूकंपानंतर उजाड झालेल्या जुन्या गावठाणांची पांढरी पावसाने ओढ्यात येत असेल, तर सास्तूरसारख्या ठिकाणी याचाही हिशोब ठेवावा लागेल.

याच नदीच्या वरच्या अंगाला तेर आहे. प्राचीन व्यापारी नगर तगर, आणि संत गोरोबाकाकांचे गाव. माती तुडवणाऱ्या, मडकी भाजणाऱ्या संताच्या गावाविषयी एक शास्त्रीय गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मॅग्नेटाइट सुमारे 580 अंश सेल्सियसला आपले चुंबकत्व गमावतो आणि थंड होताना त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा व तीव्रता पकडून ठेवतो. त्याहून अधिक तापलेली प्रत्येक वीट आणि भट्टीची भिंत म्हणूनच आपल्या काळाची नोंद असते. तेरच्या मातीत अशा किती नोंदी निजल्या असतील, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

विषयाकडे परत येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील 311 प्रदूषित नदीपट्टे नोंदले. त्यांपैकी 55 महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. 2018 च्या यादीतही 351 पैकी 53 पट्टे घेऊन महाराष्ट्रच अग्रभागी होता. उद्योगात अग्रेसर राज्याने या यादीतही अग्रेसर असावे, याची खंत मुंबईतील किती सत्ताधाऱ्यांना वाटली, कोण जाणे. पक्ष बदलले, सरकारे बदलली, क्रमांक तोच राहिला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही यादी पाण्यातील जैविक प्राणवायूच्या मागणीवर, म्हणजे लिटरमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की नाही यावर, ठरते. सेंद्रिय घाण ओळखण्यासाठी हा निकष योग्य आहे. गाळात साचलेल्या धातूंविषयी मात्र तो मूक आहे. एक तपासणी पाण्याची घाण पाहते, दुसरी गाळाच्या धातूंचा संशय घेते. दोन्ही एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. नाशिकच्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धीची चर्चा सुरू होते आणि पर्वण्या संपल्या की तीही आटते, असा आजवरचा शिरस्ता आहे. गोदावरी म्हणजे केवळ रामकुंड नव्हे. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. सास्तूरच्या ओढ्यात जे पडते, तेही अखेर गंगेलाच जाते.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या तलावांतील गाळ शेतात जायचा आहे, त्यांची प्रथम चुंबकीय पाहणी व्हावी. ज्या ठिकाणी माप शेजारच्या स्वच्छ ओढ्यापेक्षा ठळकपणे वेगळे पडेल, मग ते चढे असो वा उतरलेले, त्याच ठिकाणचे नमुने रासायनिक तपासणीला पाठवावेत. शंभर नमुन्यांचा खर्च दहा-वीस नमुन्यांवर येईल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यापन होते. जलसंपदा, मृद व जलसंधारण आणि कृषी या तीन खात्यांनी त्यांच्याशी आणि पनवेलच्या संस्थेशी एकत्र बसून एका खोऱ्यापुरता प्रयोग करावा. तेरणेचे खोरे त्यासाठी सर्वांत योग्य आहे, कारण तेथील खडकाची माहिती आधीच हाताशी आहे. तीन खात्यांना एका टेबलाशी बसवणे हे चुंबकाने शिसे ओढण्याइतकेच अवघड आहे, याची आम्हांस कल्पना आहे.

शासनाची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही. नमुना गोळा करण्याला पदवी लागत नाही. कोणत्या ओढ्यावर गाव नाही, कोणत्या डोहात गटार उतरते, कोठे पाचट जळते, जुनी पांढरी कोठून धुपते, हे गावातील माणसाइतके प्रयोगशाळेतील माणसाला ठाऊक नसते. शाळेतील मुलांनी प्लास्टिकच्या खुरप्याने (लोखंडी खुरप्याचे कण नमुन्यात येतात) मूठभर गाळ घेऊन, सावलीत वाळवून, पिशवीवर जागा आणि तारीख लिहून ठेवली, तर अभ्यासाचे निम्मे काम झाले. पाऊस पडण्यापूर्वीचा एक आणि दिवाळीनंतरचा एक, असे दोन नमुने प्रत्येक ठिकाणचे हवेत. यंदाच्या सुट्टीत सास्तूर-माकणी परिसरातील एखाद्या शाळेने पन्नास पिशव्या भरून ठेवल्या, तर त्या मोजायला एका उपकरणावर एक दिवस पुरेल.